उजनीला मालक पाच, वाली एकही नाही

प्रति,
जलसंपदा, वन, मत्स्यव्यवसाय, महसूल आणि पर्यावरण विभागांचे अधिकारी,
तसेच पुणे व सोलापूर जिल्हा प्रशासन, महाराष्ट्र राज्य

विषय : उजनी जलाशयाच्या काठावरची गावे, पाणी आणि पक्षी यांची जबाबदारी एका ठिकाणी निश्चित करण्याबाबत

सविनय नमस्कार.

एका पत्रावर इतके पत्ते कशाला, असे वाटेल. पण यांपैकी एकालाच लिहिले तर काय उत्तर येते, ते भीमाकाठच्या कुणालाही तोंडपाठ आहे : "हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही." पाणी जलसंपदाचे, पाण्यातला मासा मत्स्यव्यवसायचा, पाण्यावर उतरलेला पक्षी वन विभागाचा, तळाची वाळू महसूलची. आणि पाण्यातली घाण? ती कुणाची, हे अजून ठरायचे आहे. म्हणून सगळ्यांना एकदम लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे, म्हणजे कुणी कुणाकडे बोट दाखवले ते लोकांनाही दिसेल.

मी कोण, तेही सांगते. माझे माहेर सोलापूर, सासर पुणे. सोलापुरात आईच्या घरी नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते आणि ते उजनीचे असते. पुण्यात मी भांडी घासते, कपडे धुते, ते पाणी नाल्यातून मुठेत जाते, मुठेतून मुळा-मुठेत, दौंडच्या अलीकडे भीमेत आणि तिथून उजनीत. सासरच्या मोरीतले पाणी माहेरच्या माठात येते, मधे काय शुद्ध होईल तेवढेच. या दोन टोकांच्या मधे कुंभारगाव आहे. गेली कित्येक वर्षे हिवाळ्यात मी तिथे जाते, एका मच्छीमार कुटुंबाच्या घरी उतरते. पुण्या-सोलापूरच्या भांडणात या गावाचे नाव कुणी घेत नाही, म्हणून मी घेते.

ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी. पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर भिगवण. मासळीच्या बाजारासाठी आणि मच्छीच्या थाळीसाठी प्रसिद्ध. तिथून आत वळले की दोन्ही बाजूंना ऊस, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, आणि मग ऊस अचानक संपतो आणि पलीकडचा काठ दिसणार नाही एवढे पाणी समोर येते. त्या पाण्याला टेकून कुंभारगाव वसले आहे. छोटेसे गाव, भोई समाजाची बरीच घरे. पहाटे जाळी काढून आणलेला मासा भिगवणला लिलावाला जातो आणि उजाडता उजाडता तीच माणसे, त्याच होड्यांतून, पुण्यामुंबईच्या पाहुण्यांना पक्षी दाखवायला निघतात. रोहित तर आहेतच. तुम्ही त्यांना फ्लेमिंगो म्हणा, अग्निपंख म्हणा. शिवाय हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब, चक्रवाक, थापट्यांचे थवे, शेकाटे, सुरय, कुरव, आणि जवळच्या भादलवाडीच्या तलावावर वीण करणारे चित्रबलाक. शाळेत सातवी-आठवीपर्यंत शिकलेला नावाडी पाणटिवळ्यांतले फरक लांबून, नुसत्या चालीवरून सांगतो. मी दुर्बीण लावून पुस्तक उघडेपर्यंत त्याचे सांगून झालेले असते.

हे पाणी निसर्गाने दिलेले नाही, हे मला ठाऊक आहे. भीमेवरचे धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि पुणे, सोलापूर व नगर जिल्ह्यांतली गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे हेमाडपंती मंदिर अजूनही पाणी खाली गेले की वर येते आणि बातमी होते. आज काठावर राहतात त्यांतली पुष्कळ माणसे धरणग्रस्त आहेत किंवा त्यांची मुले-नातवंडे आहेत. त्यांनी जमीन दिली आणि पाणी मिळाले. त्या पाण्यावर त्यांनी मासेमारी उभी केली, पाणी ओसरले की गाळपेर केली आणि अलीकडे पर्यटनही उभे केले. यात सरकारची मदत किती आणि त्यांची स्वतःची हिकमत किती, याचा हिशेब तुमच्याकडे असेल. मला दिसते ती हिकमत.

आता तक्रारी. पहिली पाण्याचीच.

मी उतरते त्या घरातल्या काकी दरवर्षी एकच वाक्य ऐकवतात : "ताई, दारात पानी हाय, पन प्यायला जार इकत आनावा लागतो." शंभराहून अधिक टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याच्या काठावर बसून वीस लिटरचा जार. उन्हाळ्याकडे पाणी हिरवे पडते, त्यावर साय धरते, काठाला जलपर्णी साचते, वास येतो. जाळे ओढायला पाण्यात उतरले की अंगाला खाज सुटते, हे इथे इतके नित्याचे झाले आहे की कुणी ते तक्रार म्हणून सांगत नाही, विचारले तर सांगतात.

हे पाणी कुठून येते यावर वाद नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, आणि मुळा व मुठा या दोन्ही नद्या त्यात सर्वांत वाईट गटात. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी २०१६ मध्ये सुमारे ९९० कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, जपानच्या कर्जातून, अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे. जानेवारी २०२२ ही त्याची मुदत होती. मुदत कधीच उलटली. पुण्यात नदीकाठ सुशोभित करण्याच्या कामाला मात्र घाई आहे. काठावर फरशी आधी आणि पाणी नंतर, हा क्रम कुणी ठरवला ते कळायला मार्ग नाही.

२०२१ ची एक गोष्ट सोलापूरकर विसरलेले नाहीत. उजनीतून इंदापूर तालुक्यासाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याचा आदेश निघाला, जिल्हाभर आंदोलने झाली आणि महिन्याभरात आदेश रद्द झाला. त्यात कोण बरोबर, कोण चूक, ते बाजूला ठेवते. माझे नातेवाईक दोन्ही बाजूंना आहेत. पण त्या पाण्याला आधार कशाचा दाखवला होता? पुणे परिसरातून वाहत येणाऱ्या सांडपाण्याचा. म्हणजे उजनीत वर्षाला पाच टीएमसी सांडपाणी येते हे शासन हिशेबात धरते, त्याच्या वाटण्या करते. ते स्वच्छ करून सोडण्याची वेळ आली की तोच आकडा कागदावरून नाहीसा होतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो अधिकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकला आहे : "पाणी खराब असते तर फ्लेमिंगो आले असते का?" आले असते. रोहित पक्षी उथळ चिखलातले शैवाल आणि बारीक जीव गाळून खातो. मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शैवाल माजते. त्यामुळे गुलाबी थव्याचा फोटो हा पाण्याच्या शुद्धतेचा दाखला नव्हे. दाखला हवा असेल तर मच्छीमाराच्या जाळ्यात पाहा. एकेकाळी इथे वाम, मरळ, शिंगटा असे नाना प्रकार निघत असत, असे जुनी माणसे सांगतात. आज टोपली उलटी केली तर बहुतांश चिलापी. चिलापी कसल्याही पाण्यात जगते. शिवाय आता सकर मासाही जाळ्यात येतो, मत्स्यालयातून सुटलेला परदेशी पाहुणा. त्याला बाजारात कुणी विचारत नाही आणि त्याच्या खरखरीत अंगाने जाळी फाटते.

आणि याला सगळा दोष पुण्याचा नाही. मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्यांनी बोटभर लांबीची पिल्ले ओढणारे लोक याच पाण्यात आहेत. गावातले जुने मच्छीमार त्यांच्यावर चिडतात, तक्रारी करतात, अधूनमधून जाळी जप्त होतात, फोटो छापून येतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. वाळूचेही तसेच. चोरून वाळू उपसणाऱ्या बोटी जिलेटिन लावून उडवल्याच्या बातम्या मी इतक्यांदा वाचल्या आहेत की एव्हाना उजनीत एकही बोट उरायला नको होती. गस्तीला माणूस किती, होडी किती, डिझेल किती, हे कधी जाहीर करा.

दुसरी तक्रार जिवाची आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली. होडीतल्या सात जणांपैकी एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला. बाकी सहा गेले; त्यात दोन लहान मुले होती. लोक होडीने का जातात, असे त्या वेळी शहरातल्या काहींनी विचारले. धरणाआधी ही गावे नदीच्या दोन काठांवरची शेजारी होती, उन्हाळ्यात पात्रातून चालत जावे अशी. धरणाने मधे मैलांचे पाणी आणले. सोयरिकी मोडल्या नाहीत, बाजार बदलले नाहीत, दवाखाना पलीकडेच राहिला. रस्त्याने वळसा घालायचा तर अर्धा दिवस आणि पदरचे पैसे. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झाला, चांगले झाले. पण पूल एका ठिकाणी होईल आणि काठ सगळीकडे आहे. अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ मध्ये आला. नोंदणी, तपासणी, सुरक्षा साधने सगळे त्यात आहे. कुंभारगावच्या धक्क्यावर, खरे तर धक्का नाहीच, उताराच्या चिखलात दगड टाकलेत, तिथे उभे राहून मला तो कायदा कुठे दिसला नाही. ज्या होडीवाल्यांकडे लाइफ जॅकेट आहेत त्यांनी ती स्वतःच्या खिशातून घेतली आहेत. वाऱ्याचा इशारा त्यांना मोबाइलवर येतो तो जिल्ह्याचा, पाण्याचा नाही. दुर्घटनेनंतर काही दिवस होड्या बंद करणे ही सुरक्षा नव्हे. ती पोटावर पाय देणारी बंदी आहे आणि ती संपली की आधीसारखेच चालू.

तिसरी गोष्ट जरा कायद्याची आहे, पण सगळ्याचे मूळ तिथेच आहे असे मला वाटते. २०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहेत. म्हणजे हजारो पाणपक्षी उतरतात, शेकडो घरे मासळीवर जगतात, अशी ही अफाट पाणथळ कागदावर पाणथळच नाही; नुसता साठा आहे. ११७ टीएमसी साठा, त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृत, म्हणजे एरवी तळाशीच राहणारा. आता मला सांगा, नाशिकचे नांदूर मध्यमेश्वर काय आहे? इंग्रजांच्या काळात गोदावरीवर बांधलेल्या बंधाऱ्यामागे साचलेले पाणी. ते महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाले. जायकवाडीचा नाथसागर? तोही धरणाचा जलाशय, आणि १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेव्हा माणसाने बांधले म्हणून संरक्षण देता येत नाही, ही सबब टिकत नाही. इच्छा असली की देता येते.

मात्र घाईने अभयारण्याची पाटी लावू नका. हे मुद्दाम लिहिते, कारण माझ्यासारखे शहरी पक्षीप्रेमी लगेच तीच मागणी करतात. अभयारण्याचा पहिला फटका जाळे टाकणाऱ्याला बसतो आणि शेवटचा, बसलाच तर, गटार सोडणाऱ्याला. कुंभारगावच्या माणसाने पक्षी हाकलले नाहीत. थवे कुठे उतरतात, पाणी किती ओसरले की चिखल उघडा पडतो, हे त्यालाच माहीत आहे. त्याला बाहेर काढून कुणाला आत घेणार?

या बाबतीत ओडिशातल्या चिलिकाकडे पाहावे. ते सरोवर १९८१ पासून रामसर यादीत आहे. गाळाने समुद्राचे मुख बुजत गेले, मासळी घटली आणि १९९३ मध्ये ते धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेले. तोवर ओडिशा सरकारने चिलिका विकास प्राधिकरण नेमले होते. १९९१ ची गोष्ट. एकच संस्था, एकच पत्ता. २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख खोदले, खारे पाणी परत आत आले, मासळी सुधारली आणि २००२ मध्ये सरोवर त्या धोक्याच्या यादीतून बाहेर पडले. त्याच चिलिकाच्या उत्तर काठावर मंगलाजोडी हे गाव आहे. तिथले लोक पूर्वी पक्षी मारून विकत. आज तेच लोक बांबूने होडी ढकलत पाहुण्यांना पक्षी दाखवतात. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही, कोळंबीच्या घेऱ्यांची भांडणे आजही आहेत. पण भांडायला कुणाच्या दारात जायचे, हे तिथल्या माणसाला माहीत असते.

पाहुण्यांबद्दलही लिहिले पाहिजे, आणि ते मी माझ्याच जातकुळीच्या लोकांबद्दल लिहिते आहे. मोठ्या लेन्स घेऊन येणाऱ्यांना थवा बसलेला नको असतो, उडतानाचा हवा असतो. "दादा, अजून थोडे जवळ घ्या ना" असे म्हणत होडी थव्यात घालायला लावतात. नावाडी नको म्हणतो, मग पाहुणा शंभराची नोट वाढवतो, आणि पुढच्या वेळी नकार देणाऱ्याच्या होडीत कुणी बसत नाही. पट्टकदंबाला मार्चमध्ये पुन्हा हिमालय ओलांडायचा असतो. त्यासाठी इथे चरून अंगात चरबी साठवायची असते. दिवसातून चारदा उडवले तर चरणार कधी? ड्रोनचे तर विचारूच नका. हा नियम नावाड्याने एकट्याने पाळायचा नसतो. तो गावाने मिळून करायचा, आणि त्याच्या पाठीशी वन विभागाने उभे राहायचे. आज सुट्टीच्या दिवशी गावात गाड्यांची रांग लागते आणि बाईमाणसाला जायला एक धड स्वच्छतागृह नाही. घरातल्या बायका मग पाहुण्यांसाठी स्वतःच्या घराचे दार उघडतात. त्या कालवणही रांधतात, भाकरीही थापतात, आणि पर्यटन विकासाच्या बैठकीत त्यांना कुणी बोलावत नाही.

पाण्याच्या पातळीचेही असेच. उजनीची आवर्तने, म्हणजे पाणी कधी आणि किती सोडायचे ते, कालवा सल्लागार समितीत ठरतात. त्या बैठकांच्या बातम्या मी वाचते : ऊस, कालव्याचे शेवटचे टोक, सोलापूर शहराचे पाणी, आषाढीला चंद्रभागेत सोडायचे पाणी. सगळे रास्त आहे. बॅकवॉटरच्या मच्छीमाराचा किंवा गाळपेर करणाऱ्याचा उल्लेख मात्र मी कधी वाचला नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेले, म्हणजे मृत साठ्यातलेही पाणी उपसले गेले. तेव्हा काठावरच्या मोटारी रोज पुढे सरकवाव्या लागल्या, चाऱ्या खणाव्या लागल्या, आणि होड्या अशा जागी चिखलात बसल्या की तिथून पाण्यापर्यंत जाळी डोक्यावर घेऊन चालावे लागले. पाणी किती आणि कधी खाली जाणार, हे आधी कळले असते तर निदान तयारी करता आली असती. साठा वाढला की सगळीकडे आकडे झळकतात. उतरताना काठाला कुणी कळवत नाही.

आता मागण्या. त्या साध्या आहेत आणि त्यांतल्या काहींना पैसाही फारसा लागत नाही.

उजनी जलाशयासाठी एकच उत्तरदायी प्राधिकरण नेमा, त्याचे कार्यालय मुंबईत किंवा पुण्यात नको, भिगवण किंवा इंदापूरला हवे, आणि त्यावर मच्छीमार, धरणग्रस्त शेतकरी आणि काठावरच्या ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी मताच्या अधिकारासह घ्या. तोवर निदान कालवा सल्लागार समितीत बॅकवॉटरच्या मच्छीमारांना एक खुर्ची द्या. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून रोज किती मैलापाणी निघते, किती शुद्ध होते आणि किती तसेच नदीत जाते, हे दर महिन्याला जाहीर करा. उजनीच्या पाण्याच्या तपासणीचे निकाल कुंभारगाव, डाळज, पळसदेव, कुगाव अशा काठावरच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर मराठीत लावा. या गावांना पिण्याच्या शुद्ध पाण्याची योजना द्या. शहराच्या घाणीचा खर्च त्यांनी जार विकत घेऊन भागवू नये.

प्रवासी आणि पर्यटक होड्यांची नोंदणी गावात शिबिर घेऊन करा, लाइफ जॅकेटला अनुदान द्या, बांधीव धक्के द्या, आणि वारा सुटण्याचा इशारा थेट होडीवाल्यांच्या मोबाइलवर पोचेल अशी व्यवस्था पुढच्या वळवाच्या आत करा. बारीक जाळ्यांवरची बंदी आणि वाळूउपशाविरुद्धची गस्त कायमची हवी, मोहिमेपुरती नको. मासेमारीच्या हक्कात स्थानिकांना आधी स्थान हवे. सगळा जलाशय एका ठेकेदाराच्या हाती देण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा.

भिगवण-कुंभारगाव-दिकसळ पट्ट्याला पाणथळ म्हणून संरक्षण देण्याचा प्रस्ताव तयार करा, पण तो मासेमारी चालू ठेवणारा असू द्या आणि ग्रामसभांपुढे ठेवल्याशिवाय पुढे पाठवू नका. पक्ष्यांपासून अंतर, ड्रोन, होड्यांची संख्या यांचे नियम गावातल्या नावाड्यांच्या समितीला करू द्या. ते मोडणाऱ्या पाहुण्याला दंड करण्याचा अधिकार वन विभागाने तिथे हजर राहून वापरावा. आणि स्वच्छतागृह. हे वेगळे वाक्य मुद्दाम लिहिले आहे, म्हणजे ते इतर मागण्यांत हरवणार नाही.

या पत्राला लेखी उत्तर हवे आहे. ते मला पाठवण्याची गरज नाही. कुंभारगावच्या ग्रामपंचायतीला पाठवा, आणि त्यावर कोणत्या एका अधिकाऱ्याची सही असेल ते आधी ठरवा.

आपली,
भीमाकाठची एक नागरिक
(माहेर सोलापूर, मुक्काम पुणे)